हावडा पूल

हावडा आणि कोलकाता या शहरांना जोडणारा, हुगळी नदीवरचा पोलादी कँटिलिव्हर (काठावरून पुढे झेपावणाऱ्या बाहूंवर तोललेला) पूल. 3 फेब्रुवारी 1943 रोजी तो वाहतुकीस खुला झाला. 14 जून 1965 पासून त्याचे अधिकृत नाव रवींद्र सेतू असे आहे. पण ते फलकांवर आणि कागदोपत्री. बसचा कंडक्टर असो की बाजारातला हमाल, सगळे ‘हावडा ब्रिज’च म्हणतात. देखभाल कोलकाता बंदराच्या प्रशासनाकडे आहे. नागपूरमार्गे येणाऱ्या गीतांजली, आझाद हिंद किंवा हावडा मेलमधून उतरलेल्या मराठी प्रवाशाला कोलकात्यात शिरताना सहसा हाच पूल लागतो. टॅक्सीत बसून तो ओलांडला तर डोक्यावरच्या लोखंडाच्या जाळीपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. एकदा पायी आणि एकदा लाँचमधून, असा दोनदा ओलांडला तरच तो नीट कळतो.

आधी इथे तरंगता पूल होता. सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी आखलेला हा पाँटून पूल 1874 मध्ये सुरू झाला. जहाजांना वाट द्यायला त्याचा मधला भाग बाजूला सारावा लागे आणि तेवढा वेळ दोन्ही काठांची रहदारी खोळंबे. नव्या पुलासाठी नदीत खांब उभारले तर जहाजांना अडथळा होईल आणि गाळ साचेल, ही भीती होती. म्हणून पात्रात एकही खांब न घेण्याचे ठरले. पुलाचे सगळे रूप या एका अटीतून आले आहे.

दोन्ही काठांवर सुमारे 280 फूट उंचीचा एकेक मनोरा आहे आणि दोहोंमधले अंतर 1500 फूट. प्रत्येक मनोऱ्यातून नदीच्या बाजूला 468 फुटांचा बाहू पुढे येतो आणि या दोन बाहूंच्या टोकांवर मधला 564 फुटांचा भाग टांगलेला आहे. मनोऱ्यांच्या मागे, जमिनीच्या बाजूला, 325 फुटांचे बाहू हा भार तोलून धरतात. रस्ता या सांगाड्यावर टेकलेला नसून हँगरच्या, म्हणजे वरून सोडलेल्या पोलादी आधारांच्या, 39 जोड्यांनी खाली लोंबकळत ठेवला आहे. एकूण सुमारे 26,500 टन पोलाद लागले, त्यातले 23,000 टन टाटांच्या कारखान्याने पुरवले. जोडणी नट-बोल्टऐवजी रिव्हेटची, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांची. फूटपाथवरून हाताच्या अंतरावर त्यांच्या गोल डोक्यांच्या रांगा दिसतात, रंगाचे थर चढून चढून गुळगुळीत झालेल्या.

पायाचे काम सर्वांत जिकिरीचे होते. कोलकात्याच्या बाजूचा केसॉन, म्हणजे पायासाठी जमिनीत उतरवायचा पेटीसारखा प्रचंड ठोकळा, 31 मीटरहून खोल उतरवला. आत 21 चौकोनी विहिरी होत्या आणि त्यांतून गाळ उपसत तो खाली न्यायचा. एका रात्री खालची माती अचानक सरकली आणि सगळे धूड एकदम दोन फूट खाली बसले. कोलकात्यातल्याच खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्याची नोंद भूकंप म्हणून झाली आणि काठावरचे एक देऊळ पडले. ते पुढे पुन्हा बांधून देण्यात आले. पुलाचे उद्घाटनही गाजावाजा न करता उरकले. जपानी विमानांच्या धास्तीने पूल रात्री खुला केला आणि त्यावरून पहिली गेली ती एक ट्राम. ट्राम 1993 मध्ये बंद झाली.

चालत पार करायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. दोन्ही बाजूंना 15 फुटांचे फूटपाथ आहेत, तरी सकाळी नऊ ते अकरा लोंढा हावड्याकडून कोलकात्याकडे आणि संध्याकाळी उलटा वाहतो. लोंढ्याच्या दिशेनेच चालावे, मध्येच थबकू नये. बडाबाजारचे हमाल डोक्यावर ओझे घेऊन येतात तेव्हा वाट द्यायची ती आपण, कारण त्यांना थांबणे परवडत नाही. बाहू आणि मधला भाग जिथे जुळतात तिथे रस्त्यात सांधा दिसतो. त्याच्याजवळ उभे राहिले की बस गेल्यावर पायाखाली थरथर जाणवते. ती बिघाडाची नव्हे, टांगलेल्या रस्त्याची आहे.

हँगरच्या तळाशी फायबरग्लासची आवरणे आहेत, ती का बसवली हेही पाहण्यासारखे आहे. पान-गुटख्याच्या पिंकांनी तिथली 6 मिलिमीटर जाडीची पोलादी आवरणे चारेक वर्षांत निम्म्यावर आल्याचे 2011 च्या पाहणीत आढळले. चुना आणि लाळेचा हा मारा गंजरोधक रंगालाही पुरून उरतो. दुसरा उपद्रव पक्ष्यांच्या विष्ठेचा. 2005 मध्ये तर भरतीच्या वेळी एका मालवाहू जहाजाचे धुराडे पुलाखाली अडकले आणि तळाचे गर्डर (आडव्या तुळया) दुखावले.

लाँचसाठी हावडा स्थानकासमोरच्या फेरीघाटावर जावे. इथे नेमकी गफलत होते. हा घाट पुलाच्या दक्षिणेला असल्याने बाबूघाट, फेअरली किंवा आर्मेनियन घाटाची लाँच पुलाखालून जातच नाही. त्यासाठी अहिरीटोला, शोभाबाजार किंवा बागबाजारचे तिकीट काढावे. ओहोटीला तरंगत्या जेट्टीवर उतरणारा घाटाचा लहान पूल बराच तिरपा होतो, सामान असेल तर जपून. मोठ्या भरतीला नदीत ‘बान’, म्हणजे पाण्याची उभी लाट येते आणि फेऱ्या काही वेळ थांबवतात.

छायाचित्रांना पुलावर पूर्वीपासून मनाई आहे. मोबाइलकडे कानाडोळा होतो, ट्रायपॉड मांडला की पोलीस हटकतात. चांगले चित्र कोलकात्याच्या बाजूने, दक्षिणेकडच्या मल्लिक घाटावरून मिळते. सकाळी ऊन पाठीशी असल्याने पोलाद उजळते. संध्याकाळी तिथूनच नुसती काळी आकृती दिसते. घाटावरचा फुलबाजार उजाडण्याआधीच भरात येतो. झेंडूच्या माळांचे ढीग आणि जास्वंदीचे हार. आपल्याकडे जास्वंद गणपतीची, इथे कालीची. जमीन चिखलाने निसरडी असते, चपलेपेक्षा बूट बरे.

मार्च 2024 पासून मेट्रो नदीच्या तळाखालून हावड्याला येते. परतीला ती सोयीची, पण पूल पाहायला आलेल्याने जाताना ती घेऊ नये.