उजवीकडे वळायचंय? मग हँडल आधी डावीकडे

पावसाळा सरला की साताऱ्यातल्या बाईकवाल्या पोरांमध्ये ट्रॅक-डेचा, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेऊन चालवण्याच्या दिवसाचा, विषय निघतो. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, नाहीतर कोइम्बतूरचा कारी स्पीडवे. तिथलं रायडिंगचं प्रशिक्षण आणि त्याची तयारी. (आपल्या शहराला लागून जाणारा ४८ नंबरचा महामार्ग इरुंगट्टुकोट्टईवरूनच चेन्नईत शिरतो.) चर्चा रंगते ती टायर, सायलेन्सर आणि लेदर सूटवर. पण वळण घेताना नेमकं काय करता असं विचारा, यवतेश्वरचा घाट कोळून प्यायलेलेही सांगतील, "अंग टाकायचं, गाडी आपोआप वळते." हा समज चुकीचा आहे. तो दुरुस्त करणं हीच माझ्या मते ट्रॅकची पहिली तयारी.

वेगात असलेली गाडी उजवीकडे वळवायची तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. म्हणजे पुढचं चाक क्षणभर डावीकडे वळतं! तळहातावर उभी काठी तोलताना ती उजवीकडे न्यायची असेल, तर हात आधी किंचित डावीकडे सरकवावा लागतो. मग काठी उजवीकडे कलते आणि हात तिच्यामागे जातो. इथेही तेच घडतं. चाकं गुरुत्वमध्याखालून डावीकडे सरकतात, गाडी उजवीकडे कलते आणि मग पुढचं चाक स्वतःहून उजवीकडे वळतं. इंग्रजीत याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी सायकलच्या संदर्भात हे १८६९ मध्येच लिहून ठेवलं होतं.

मग आपल्याला ते कळत कसं नाही? कारण चाक वळतं फारच थोडं. दोन चाकांमधलं अंतर १.३५ मीटर आणि वळणाची त्रिज्या ५० मीटर धरली, तर वळणात स्थिरावलेल्या गाडीचं पुढचं चाक जेमतेम दीड अंश वळलेलं असतं. सुरुवातीचा उलटा झटका तर अर्ध्या-पाऊण सेकंदात संपतो. हात तो नकळत देतात आणि श्रेय मिळतं कमरेला. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलच्या कीथ कोड यांनी याचा निकाल लावायला एक गाडी बनवली. तिला नेहमीच्या हँडलशिवाय चौकटीलाच पक्कं जोडलेलं दुसरं हँडल होतं. ते धरून लोकांनी अंग टाकून पाहिलं. गाडी थोडीफार भरकटायची, पण मनासारखी वळायची नाही.

कललेल्या गाडीचं चाक स्वतःहून वळणाकडे का वळतं, हा मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. हँडलचा अक्ष तिरका असतो. तो खाली वाढवला तर रस्त्याला जिथे मिळेल, त्याच्या साधारण ९-१० सेंटीमीटर मागे टायर टेकतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. गाडी उजवीकडे कलली की रस्त्याचा टायरवरचा जोर अक्षाच्या मागे पडतो आणि चाक उजवीकडे फिरवतो. शिवाय फिरत्या चाकाचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर आणि त्याची दिशा सांगणारी राशी) डावीकडे रोखलेला असतो. गाडी उजवीकडे कलू लागली की जायरोस्कोपिक परिणामही (फिरतं चाक कलवलं की ते बाजूलाही वळू पाहतं, तो) चाकाला उजवीकडेच वळवतो. या दोन्हींवाचून अडतं असंही नाही. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अशा सायकलीचा प्रयोग प्रसिद्ध झाला, जिच्यात हे दोन्ही परिणाम रद्द केले होते. वजनाची मांडणी अचूक असल्यामुळे तीही स्वाराशिवाय तोल सावरत धावली.

किती कलायचं ते ठरवतं एक छोटं सूत्र: कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण). ५० मीटर त्रिज्येच्या वळणाला ताशी ५४ किलोमीटरला सुमारे २५ अंश, ताशी ७२ ला ३९ अंश. वस्तुमान सूत्रात येतच नाही, त्यामुळे स्वार जाडा की बारीक याने फरक पडत नाही. मात्र शरीर आतल्या बाजूला काढलं की तोच वेग गाडी कमी कलवून साधतो. अंग टाकण्याचा खरा उपयोग हा.

सराव घाटात करू नका; तिथे वळणावर वाळू असते आणि समोरून डंपर येतो. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतला सरळ, रिकामा रस्ता पकडा, हेल्मेट-ग्लोव्हज घाला, ताशी ४० ला उजवी मूठ तळहाताने हलकेच पुढे दाबा. बोटांनी आवळू नका. गाडी उजवीकडे कलताना स्पष्ट जाणवेल.

गाडीच्या तयारीत ब्रेक ऑइल आधी बघा. हँडलवरच्या डबीच्या काचेतून ते फिकट पिवळं दिसायला हवं. चहासारखं झालं असेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं की वाफ दबते आणि लिव्हर मुठीला टेकतो. हँडलला लिंबू-मिरची बांधून हे टळत नाही.

टायरमध्ये नायट्रोजन भरण्यासाठी जादा पैसेही घालवू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. हवेचा दाब मात्र रोज मोजा. ट्रॅकवर टायर तापून २५ चे ६५ अंश झाले, तर ३३ पीएसआयचे ३९ होतात. म्हणून तिथले प्रशिक्षक सुरुवातीलाच दाब कमी ठेवायला सांगतात. परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी तो स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवरच्या आकड्याइतका पुन्हा भरून घ्या.