खासदारांचं वय आणि गुरुजींची १ जून

पहिल्या लोकसभेचं सरासरी वय साडेशेहेचाळीसच्या आसपास होतं, २०२४ साली निवडून आलेल्या लोकसभेचं ५६. चाळिशीच्या आतले खासदार तेव्हा चारांत एक होते, आता नवांत एक. देश मात्र निम्म्याहून जास्त तिशीच्या आतला.

घटना लिहिली जात असताना, मे १९४९ मध्ये, वरिष्ठ सभागृहासाठी ३५ वर्षांची अट सुचवली होती. एका महिला सदस्यांनी दुरुस्ती मांडून ती ३० वर आणली. लोकसभेची २५ ची अट तेव्हापासून जागची हललेली नाही. १९८९ साली मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, आणि मत देणं व मत मागणं यांत सात वर्षांची फट पडली. पुढे घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पालिकांसाठी २१ ठरलं. त्यामुळे मुंबईत एकविशीतला नगरसेवक कित्येक लहान राज्यांहून मोठ्या अर्थसंकल्पावर हात वर करू शकतो, पण दिल्लीला जायला त्याने आणखी चार वर्षं कळ काढायची. यात काय तर्क आहे, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. २०२३ मध्ये एका संसदीय समितीने ही अट १८ वर आणायला सुचवलं, निवडणूक यंत्रणेने विरोध केला.

खरा गुंता मात्र ‘वय’ या शब्दातच आहे. कोणत्या दिवशीचं वय धरायचं? अर्ज भरला तेव्हाचं, मतदानाचं की निकालाचं? १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जांच्या छाननीचा दिवस धरला. मग प्रश्न उरतो कागदाचा. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागायची, आई सांगायची ‘पोळ्याच्या आगेमागे झाला’, आणि गुरुजी दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. म्हणून तर ३१ मे आला की सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. त्याच दाखल्यावरचं वय प्रतिज्ञापत्रात जातं, आणि तिथून सभागृहाच्या सरासरीत. दशांशापर्यंत काढलेल्या त्या सरासरीकडे मी जरा हसूनच बघतो.

कागद दोन निघाले तर हसू थांबतं. उत्तर प्रदेशात २०१७ साली निवडून आलेल्या एका आमदाराच्या शाळेच्या नोंदीत जन्मसाल १९९३ होतं, जन्मदाखल्यावर १९९०. आमदारकीलाही २५ च लागतात. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शाळेची बाजू ग्राह्य धरून निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला.

वरच्या टोकाला कायदा गप्प आहे. पंचाहत्तरीला बाजूला होण्याची जी चर्चा गेली दहा-बारा वर्षं ऐकू येते, ती भाजपमधली तोंडी रीत. कुणाला लागते, कुणाला नाही.

जन्मनोंदणीचा कायदा २०२३ साली बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागेल, गुरुजींची तारीख चालणार नाही. त्यांतला पहिला लोकसभेचा अर्ज भरण्याजोगा होईल २०४८ च्या ऑक्टोबरात.