लेव्ही स्टब्जची पट्टी

"रीच आउट, आय'ल बी देअर" पहिल्यांदा ऐकताना मला गाणाऱ्याच्या घशाचीच काळजी वाटली होती. बासरी आणि पिकोलोची ती गूढ सुरावट संपते आणि एक माणूस अक्षरशः हाका मारू लागतो. कडव्याच्या ओळी तो निम्म्या गातो, निम्म्या ओरडतो. १९६६ साली हे गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. गट डेट्रॉइटचा, नाव फोर टॉप्स. हाका मारणारा तो लेव्ही स्टब्ज.

स्टब्जचा आवाज बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या अंगाचा, भरदार. आपल्याकडे मैफलीआधी गायकाला "पट्टी कुठली?" असं विचारतात आणि त्याच्या गळ्याला सोयीची असेल ती धरतात. मोटाउन या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत हॉलंड, डोझियर आणि हॉलंड हे त्रिकूट गाणी रचायचं. त्यांनी स्टब्जच्या बाबतीत बरोबर उलटं केलं. गाण्याचा कळीचा भाग त्याच्या टप्प्याच्या अगदी वरच्या टोकाला ठेवायचा, म्हणजे त्याला तिथवर पोहोचायला झगडावं लागेल. त्यांना हवी होती ती आर्तता या ओढाताणीतूनच येणार होती.

या ओढाताणीत घशात काय होतं? पुरुषाच्या स्वरयंत्रात साधारण दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन स्वरतंतूंच्या घड्या असतात. साध्या बोलण्यात त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उघडमीट करतात. सूर चढवायचा तर एक स्नायू त्यांना ताणून लांब आणि पातळ करतो. ताणलेल्या घड्या जोरात हलवायला फुप्फुसातून हवेचा दाब वाढवावा लागतो. बोलताना हा दाब पाण्याच्या पाच-दहा सेंटिमीटर उंचीइतका असतो, वर चढून मोठ्याने गाताना त्याच्या कितीतरी पट. इतक्या दाबाखाली घड्या झटकन, टाळी वाजल्यासारख्या मिटतात. मिटण्याचा हा झटका जितका तीव्र, तितके मूळ सुरावरचे उपस्वर जोरकस. उपस्वर म्हणजे काय हे तंबोरा ऐकलेल्याला वेगळं सांगायला नको. खर्जाची तार छेडली की गंधार आपोआप कानावर येतो, तो तिचा पाचवा उपस्वर.

स्टब्जच्या हाकेत हे वरचे उपस्वर भरभरून असतात आणि आपला कान नेमका त्यांच्याच वाटेवर बसलेला असतो. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटरची, आतल्या टोकाला पडद्याने बंद. अशी नळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला घुमते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून भागाकार केला तर ३४०० हर्ट्झच्या आसपासचा आकडा मिळतो. तान्ह्या बाळाच्या रडण्यातला आणि किंकाळीतला बराच जोर याच पट्ट्यात असतो. शिवाय फार ताणलेल्या घड्या नीट लयीत हलत नाहीत, आवाजाला खरखर येते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेव्हिड पोपेल यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१५ मध्ये दाखवलं, की आवाजाची पातळी सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली झाली की तो आपल्याला किंकाळीसारखा, खरखरीत वाटतो. मेंदूतला भीतीशी निगडित भाग, अमिग्डाला, त्याने जागा होतो. "बर्नाडेट" या १९६७ च्या गाण्यात वाद्यं अचानक थांबतात, गाणं संपलं असं वाटतं आणि त्या पोकळीत स्टब्ज एकटा तिचं नाव पुकारतो. मी हे गाणं कितीदा ऐकलं असेल, पण तिथे दर वेळी दचकतोच.

हे सगळं ऐकायचं कशावर? तेव्हाच्या तरुणांकडे होता गाडीतला रेडिओ आणि त्याचा तळहाताएवढा स्पीकर. मोटाउनचे लोक ध्वनिमुद्रण तयार झालं की तसल्याच छोट्या स्पीकरवर वाजवून बघत. आता कोडं असं, की मोटाउनचे वादक जेम्स जेमरसन यांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला कंप पावते. इतका खालचा सूर त्या स्पीकरला झेपतच नाही, तरीही बेसची चाल स्पष्ट ऐकू येते. कारण स्पीकर ८२, १२३, १६४ हर्ट्झच्या उपस्वरांपैकी निदान वरचे तरी पोहोचवतो. त्यांच्यातलं अंतर सारखं ४१ चं. मेंदू ते ताडतो आणि जो सूर खोलीत नाहीच तो ऐकवतो. ऑगस्ट झेबेक या शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात सायरनवर प्रयोग करून या प्रकाराकडे लक्ष वेधलं आणि त्यावरून ओहमशी (हो, विजेच्या नियमाचाच ओहम) त्याचा कडाक्याचा वाद झाला. खात्री करायची तर हेडफोन बाजूला ठेवून मोबाइलच्या स्पीकरवर फोर टॉप्स लावा.

ध्वनिमुद्रण होई ते घरातच. बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९ मध्ये मोटाउन सुरू केली आणि त्याच वर्षी वेस्ट ग्रँड बूलेव्हार्डवर हे घर घेतलं. गिटार आणि बेस वादक आपली वाद्यं थेट आवाजांच्या मिश्रणाच्या टेबलाला, म्हणजे मिक्सरला जोडत. वर माळ्यावर एक रिकामी, कडक भिंतींची जागा होती. तिथे एका स्पीकरवर आवाज सोडायचा आणि भिंतींवर आपटून घुमलेला आवाज दुसरीकडच्या मायक्रोफोनने परत खाली आणायचा. साडेतीन मीटर जायला ध्वनीला दहा मिलिसेकंद लागतात. एवढ्या थोड्या अंतराने येणारे शेकडो पडसाद आपल्याला सुटे ऐकू येत नाहीत, फक्त जागा मोठी वाटते. आज त्या घरात संग्रहालय आहे.

राहिले बाकीचे तिघे. ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन. स्वरमेळ बसवण्यात पेटनचा कान सर्वांत तयार. पण तबकड्यांवर ऐकू येणारा मागचा स्वरांचा पडदा या तिघांचाच नव्हता. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स या तिघी, अँडांटीज, वरचे सूर भरत, पण वेष्टनावर त्यांची नावं नसत. दोन गळे कधीच अगदी एका कंपनसंख्येवर लागत नाहीत. एक ३०० वर, दुसरा ३०१ वर असला तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. सहा गळ्यांत असे कितीतरी हेलकावे एकमेकांत मिसळतात आणि कुणा एकाचा आवाज वेगळा काढता येत नाही. त्या मऊ पडद्यापुढे स्टब्जची खरखर आणखीच उठून दिसते. मला विचाराल तर या गटाच्या आवाजाचं निम्मं श्रेय त्या तिघींचं आहे.

१९५० च्या दशकात शाळकरी वयात एकत्र आलेले हे चौघे १९९७ पर्यंत तसेच राहिले, एकही माणूस न बदलता. मोटाउन १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेली तेव्हा ते कंपनी सोडून डेट्रॉइटमध्येच थांबले. १९९७ मध्ये पेटन गेला. उरलेल्या तिघांनी काही काळ कार्यक्रम केले, पण नावातला "फोर" काढून, नुसतं "द टॉप्स" म्हणून.