आरेचे बिबटे आणि ‘वन’ या शब्दाचा वाद

मुंबईत बिबट्या दिसला की ‘मानवी वस्तीत घुसखोरी’ हा मथळा ठरलेला असतो. गोरेगावच्या आरेपुरते बोलायचे, तर घुसखोरीचा क्रम उलटा आहे. शहरातील गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये येथे दुग्धवसाहत उभी राहू लागली, तेव्हा वारल्यांचे पाडे येथे आधीपासून होते, आणि ज्याला ते आजही वाघदेव म्हणून पुजतात, त्याचे रानही होते. पुढे याच जमिनीवर १९७७ मध्ये चित्रनगरी आली, रस्ते आणि वस्त्या वाढल्या. लगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी हा पट्टा सलग असला, तरी कागदोपत्री तो दुग्धविकास खात्याचा राहिला. ‘वन’ म्हणून त्याची नोंद झाली नाही, आणि नंतरचा सारा झगडा या नोंदीभोवतीच फिरला.

बिबट्याने आपली हद्द राखली ती बहुतांशी लपून राहून: दिवसा झुडपांत, रात्री कचऱ्याभोवती जमणाऱ्या भटक्या कुत्र्यांच्या मागावर. २००२ ते २००४ या काळात मात्र उद्यानाच्या परिसरात माणसांवर जीवघेणे हल्ले झाले. तेव्हा पिंजरे लावून बिबटे पकडणे आणि दुसरीकडे नेऊन सोडणे हाच उपाय मानला जाई. जुन्नर परिसरातील अभ्यासाने त्यातली चूक दाखवून दिली. हद्दीला घट्ट असलेले हे जनावर अनोळखी रानात सोडले की तेथे हल्ले वाढतात, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. वन विभागाने २०११ पासून नागरिकांना सोबत घेऊन कचरा, उजेड आणि बघ्यांची गर्दी यांकडे लक्ष वळवले, तेव्हा हल्ले बरेच ओसरले. पुरते थांबले नाहीत, २०२१ मध्ये आरेतच ते पुन्हा झाले. २०१५ च्या गणनेत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले होते, २०१८ मध्ये ४७.

मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतील सुमारे ३३ हेक्टर जागा ठरल्यावर प्रश्न न्यायालयात गेला. आरे हे वन जाहीर करावे या मागणीसह सर्व याचिका उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. म्हणजे स्थगितीने वाचवण्याजोगे फारसे उरलेच नव्हते. २०२० मध्ये नव्या सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवून आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचे ठरवले. कांजूरच्या कामाला त्याच डिसेंबरमध्ये न्यायालयाची स्थगिती मिळाली, आणि २०२२ च्या सत्तांतरानंतर कारशेड आरेत परतले. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला.