मुक्त हालचाल (बालसंगोपन)

चालू लागण्यापूर्वी बाळाने कुशीवर वळावे, पालथे पडावे, सरकावे, रांगावे, उठून बसावे, धरून उभे राहावे. पण हे सारे कोणी न शिकवता आणि आपापल्या वेळी, असे मानणारी संगोपनपद्धती. तिची मांडणी हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर (१९०२–१९८४) यांनी केली. व्हिएन्नात वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या पिक्लर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर आईवडिलांविना वाढणाऱ्या अर्भकांसाठी बालगृह काढले. ७२२ बालकांच्या हालचालींवरील त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांना कोणी टेकू देऊन बसवले नव्हते की हात धरून चालवले नव्हते. तरी ती रांगली आणि चाललीही.

पद्धतीतले मुख्य पथ्य एकच: ज्या स्थितीत बाळ स्वतःहून जात नाही, तीत त्याला ठेवू नये. चहूबाजूंनी उशा लावून बसवलेल्या बाळाला तेथून सुटता येत नाही. त्याची सारी शक्ती तोल राखण्यात जाते. कुशीवरून कोपरावर रेलत जे स्वतः उठून बसते, त्याला परत खाली यायचा मार्गही ठाऊक असतो. म्हणून या मुलांत बसणे अनेकदा सरकण्या-रांगण्यानंतर येते. ‘सहावा लागला, अजून बसत नाही?’ हा आपल्या घरांतला प्रश्न त्यामुळे बाळावर अन्याय करणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या भारतासह पाच देशांतील पाहणीत आधाराविना बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, तर एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने आढळला. सुमारे ४ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

एका मुद्द्यावर खरा मतभेद आहे. बाळ स्वतः वळेपर्यंत पिक्लर त्याला उताणेच ठेवायला सांगतात. संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे मात्र जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे, असे सुचवतात. झोपवायचे ते उताणेच.

लागणारे साहित्य थोडे: सतरंजी अंथरलेली टणक जमीन, सैल कपडे, उघडे पाय. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी पाय घसरतात. जुना लाकडी पांगुळगाडा या विचारापासून फार दूर नाही, कारण मूल स्वतः उभे राहून तो ढकलते आणि हवा तेव्हा सोडते. बैठकीचा चाकांचा वॉकर वेगळा. त्यात ते लोंबकळत पायाच्या बोटांनी रेटा देते आणि जिन्यावरून कोसळण्याचा धोका मोठा. कॅनडाने २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. बाळ शरीराची एकच बाजू वापरत असेल, अंग फार ताठ वा फार ढिले वाटत असेल, आलेली हालचाल नाहीशी झाली असेल किंवा दीड वर्ष होऊनही चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात.