पन्हाळा: तटाच्या आतलं गाव आणि शंभर मीटरची फीत

11 जुलै 2025 रोजी पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, बारा मराठा किल्ल्यांपैकी एक म्हणून. कोल्हापुरात पेढे वाटण्यासारखी बातमी होती. गडावरच्या रहिवाशांना मात्र घरं उठवतील अशी धास्ती. राग युनेस्कोवर निघतो, पण गाठ त्याच्या कितीतरी आधीची आहे.

बरेच गड ओस पडले, पन्हाळा नांदता राहिला. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या या किल्ल्यावरून ताराराणींनी कारभार केला. 1782 मध्ये राजधानी कोल्हापूरला गेली, तरी वस्ती वरच राहिली. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला, आणि आज गाड्या त्याच अंगाने गावात शिरतात. अंबरखान्याच्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावे म्हणतात. एवढं धान्य काही ओसाड माळासाठी साठवत नव्हते.

अडचण सुरू होते ती 16 जून 1992 च्या अधिसूचनेपासून. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे 200 मीटर विनियमित, म्हणजे परवानगीनेच बांधकाम. 2010 च्या दुरुस्तीने हे अंतर थेट प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातच बसवलं. मोकळ्या माळावरच्या लेण्याला हे चालून जातं. पण इथे स्मारकाच्या पोटातच गाव आहे. फीत कुठूनही धरा, कुणाचं तरी अंगण मोजमापात येतंच. वारसा यादीने यातलं एकही कलम बदललेलं नाही.

प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाहीच. 16 जून 1992 पूर्वीच्या घराची दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने. सक्षम अधिकाऱ्याने 15 दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची, त्यानंतर महिनाभरात निर्णय. हे सगळं कागदावर. अर्जासोबत घर तेव्हाही होतं याचा पुरावा लागतो, म्हणून जुन्या घरपट्टीच्या पावत्या फेकू नयेत.

घोटाळा होतो तो शब्दांत. कायद्यातली ‘दुरुस्ती’ म्हणजे उभ्या घरातला फेरफार. पाडून पुन्हा बांधणं ही ‘पुनर्बांधणी’, आणि तिला शंभर मीटरच्या आत वाट नाही. पावसाळ्यात जांभ्याची एक भिंत बसते, गवंडी म्हणतो सगळंच उतरवू, आणि मालक मान डोलावतो. भिंतीबरोबर दुरुस्तीचा हक्कही उतरतो. बेकायदा बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.