कातळातलं पाणी आणि नकाशावरच्या रेषा : पार्श्वभूमी

मुरूम संपून अभंग कातळ लागेपर्यंत विहीर उतरवायची आणि तिथं थांबायचं, हा कठीण खडकातला जुना रिवाज. जागा पाणाड्यानं दाखवलेली असो, नाहीतर हिरव्या झाडावरून ठरलेली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जमिनीची विद्युत रोधकता, म्हणजे वीज वाहायला होणारा अडथळा, मोजण्याची तंत्रं आली; पाणी असलं की तो घटतो. पण चित्र पालटलं ते डीटीएच हॅमरमुळे, म्हणजे बोअरच्या तळाशी हवेच्या दाबानं घाव घालणाऱ्या हातोड्यामुळे. जो कातळ फोडायला आठवडे जायचे तो दिवसभरात छेदला जाऊ लागला. कसं खोदायचं हे सुटलं, कुठं खोदायचं हे उरलं.

१९६४ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. ग्रॅनाइटसारख्या स्फटिकमय खडकांत खोली वाढते तसं दर मीटरमागे मिळणारं पाणी झपाट्यानं घटतं, असं एकानं दाखवलं. दुसरा हवाई छायाचित्रांतल्या सरळ रेषा, म्हणजे खालच्या भेगांच्या खुणा, आणि तिथलं भूजल यांच्या नात्याविषयी होता आणि तोच गाजला. तो चुनखडी-डोलोमाइटच्या प्रदेशातला होता, ही गोष्ट पुढं ग्रॅनाइटवाल्यांच्या अहवालांतून गळत गेली.

खरा गोंधळ 'लिनिअमेंट' या शब्दाचा. हवाई छायाचित्रांच्या अभ्यासात साधारण दीड किलोमीटरपेक्षा आखूड रेषेला वेगळं नाव होतं, त्याहून लांब ती लिनिअमेंट. १९७२ नंतर उपग्रहचित्रं मिळू लागली आणि दहा-दहा किलोमीटरच्या रेषांवर बोअरची ठिकाणं पडू लागली. त्या चित्रांतला एक ठिपका सुमारे ८० मीटरचा, आणि भेगाळलेला पट्टा अनेकदा जेमतेम काही मीटर रुंद! शिवाय सूर्य ज्या बाजूनं असेल तिला आडव्या जाणाऱ्या रेषा जास्त उठून दिसतात. कुंपण, रस्ता, डाइक (भेगेत लाव्हारस घट्ट होऊन बनलेली खडकाची भिंत) हेही रेषाच. डाइक तर कधी पाणी अडवतो, कधी स्वतःच कोरडा निघतो. पट्टा जमिनीशी ६० अंशांचा कोन करून उतरत असेल तर ५० मीटर खोलीवर तो जमिनीवरच्या खुणेपासून जवळपास २९ मीटर सरकलेला असतो. थेट रेषेवर मारलेला उभा बोअर तो चुकवतो.

२००० नंतर दुसरा विचार बळावला. पाणी देणाऱ्या बहुतेक आडव्या भेगा भूकवचाच्या हालचालींतल्या ताणांनी नव्हे, खडक झिजताना पडतात. या भेगा मुरमाच्या खाली, दहाच्या काही पट मीटर जाडीच्या थरात असतात. म्हणून रेषेपेक्षा या थराची जाडी पाहावी. पुराव्याचं वजन या बाजूला जास्त आहे. मात्र खोल, उभ्या भेगांतून भरपूर पाणी लागलेले बोअरही आहेत आणि रेषांचे समर्थक त्यांच्यावर बोट ठेवतात.

व्यवहारात आता रेषेला काटकोनात ५ ते १० मीटर अंतरानं रोधकता किंवा व्हीएलएफची (अतिकमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींनी केलेल्या मोजणीची) वाचनं घेतात, समांतर दोन-तीन ओळींत. मग कमी रोधकतेच्या जागी खोलीवार सर्वेक्षण. इथं चिकणमाती फसवते, तिचीही रोधकता कमीच : १०-२० ओहम-मीटर दिसलं की हुरळायचं नाही. ती पाणी धरते, सोडत नाही.

दोन्ही बाजू यशाचे टक्के सांगतात, पण यश कशाला म्हणायचं हे जुळत नाही. हातपंपाला तासाला हजार लिटर चालतात, सिंचनाला त्याच्या कित्येक पट लागतं. बहुतेक जुने आकडे हॅमर चालू असताना हवेनं उसळणाऱ्या पाण्याचे आहेत. सलग उपसा करून पातळी कुठं स्थिरावते हे त्यांत तपासलेलंच नाही.